हवेचा विरोध नगण्य माना

माझ्या नवऱ्याने गेल्या सव्वीस वर्षांत विमानातून काय काय खाली टाकलंय म्हणून सांगू! औषधांच्या पेट्या टाकल्या, धान्याची पोती टाकली, टपालाच्या थैल्या टाकल्या. एकदा तर पोरांना गंमत वाटावी म्हणून पियानो टाकला. आणि हा माणूस आयुष्यात एकदाही विमानात बसलेला नाही. विमान राहू द्या, घरातला बल्ब गेला तर स्टुलावर मी चढते आणि हे खाली स्टुलाचा पाय धरून, डोळे मिटून "सावकाश, सावकाश" करत उभे राहतात. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण त्यांना निदान उंटावर चढता तरी येत असेल.

सगळे त्यांना 'सर' म्हणतात. दूधवाला म्हणतो, शेजारीण म्हणते, आणि आता लपवून काय करू, मीही सरच म्हणते. सकाळी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात, संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत शिकवणी. मागच्या खोलीत माझं पडदे शिवायचं मशीन. मधे दार नाही, मीच शिवलेला एक जाड पडदा आहे, पण पडद्याने आवाज थोडाच अडतो? लग्न झाल्यापासून बावीस वर्षं मशीन चालवता चालवता मी तेच गणित ऐकत आलेय. एक विमान एकशे पंचवीस मीटर उंचीवरून, सेकंदाला तीस मीटर वेगाने, सरळ चाललं आहे. त्यातून एक पेटी सोडली. ती किती पुढे जाऊन पडेल? हवेचा विरोध नगण्य माना.

दीडशे मीटर. मला झोपेतून उठवून विचारा, दीडशेच सांगेन. पेटी हातातून सुटली तरी विमानाचा वेग तिच्या अंगात असतोच, त्यामुळे ती पुढे जात जातच खाली येते. खाली यायला पाच सेकंद, पाच तीस दीडशे. म्हणून पेटी जिथे पडायला हवी त्याच्या दीडशे मीटर अलीकडे ती सोडायची. पोरं नेमकी इथे घसरतात. त्यांना वाटतं, सुटली की तिथल्या तिथे सरळ खाली. मग सर हातात खडू घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तरातरा चालतात आणि मधेच खडू सोडतात. तो घरंगळत पडद्याखालून माझ्या मशीनपाशी येतो. माझ्याकडे डबाभर खडू जमलेत.

त्या गणितातलं शेवटचं वाक्य मात्र शिकवणीपुरतं राहिलं नाही, ते माझ्या अख्ख्या संसारात शिरलं. ज्या गोष्टीने उत्तर अवघड होतं ती नगण्य मानायची, हा सरांचा स्वभावच. नळ गळतोय? नगण्य. मला ताप आलाय? "किती आहे? शंभर? मग नगण्य." माणूस वाईट नाही हो. माझ्या मशीनला दर रविवारी तेल घालायला ते एकदाही विसरलेले नाहीत. पण एखादी गोष्ट नगण्य ठरवली, की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ती परत गणितात घ्यायचे नाहीत.

आता माझे बाबा. त्यांनी चौतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली. गाडीला एक ओरखडा नाही. त्यांचाही एक नियम आहे: ज्याचं स्टिअरिंग माझ्या हातात नाही त्यात मी बसत नाही. फक्त रेल्वे चालते, कारण रेल्वेला स्टिअरिंगच नसतं. आई गेली तेव्हा मी त्यांना आमच्याकडे घेऊन आले. पहिले दोन महिने सासरा-जावयाचं असं गूळपीठ, की मलाच दृष्ट काढावीशी वाटायची. बाबा सरांना 'जावईबापू' म्हणायचे आणि सर बाबांच्या चहात स्वतःच्या हाताने साखर घालायचे.

मग ती उत्तरपत्रिका आली. जेवता जेवता पेपर तपासायची सरांना घाणेरडी खोड आहे. एका हातात घास, दुसऱ्या हातात लाल पेन.

"हे ऐका!" सर हसत म्हणाले. "एका मुलीने लिहिलंय, पेटी विमानाच्या मागे पडेल. शून्य!"

"बरोबर लिहिलंय की पोरीने," बाबा म्हणाले. "चालत्या गाडीतून टाकलेली वस्तू मागेच जाते. जन्मभर बघितलंय मी. पुढच्या सीटवरच्याने संत्र्याची साल बाहेर टाकली की ती मागच्या खिडकीतल्या कंडक्टरच्या थोबाडावर."

"बाबा, ती बसच्या मानाने मागे. जमिनीच्या मानाने बघितलं तर ती पुढेच जात असते."

"मी जमिनीवर नव्हतो. मी बसमध्ये होतो."

इथे सरांनी हसून सोडून द्यायचं होतं. पण मास्तरकीची खाज वाईट. ते म्हणाले, "असं फक्त अडाणी माणूसच बोलू शकतो."

बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "तुझ्या मास्तरांना सांग, माझं जेवण झालं."

झालं. त्या दिवसापासून अकरा वर्षं दोघं एकमेकांशी एक अवाक्षर बोलले नाहीत. एका टेबलाशी, हातभर अंतरावर बसायचे आणि बाबा म्हणायचे, "त्यांना सांग, मीठ इकडे सरकवा." सरांना ते लख्ख ऐकू यायचं. तरी ते माझ्याकडे बघत राहायचे, मी म्हणायची, "मीठ सरकवा," मग मीठ सरकायचं. दोघं वेगवेगळ्या खोल्यांत असले की मी निरोपात पदरचं घालायची. बाबांनी सांगावं, "त्या मास्तराला म्हणावं, सकाळी सकाळी बडबड बंद कर," आणि मी पलीकडे जाऊन म्हणावं, "अहो, बाबा तुमची तब्येत विचारताहेत, घसा बसल्यासारखा वाटतोय म्हणे." अशी मी अकरा वर्षं या घराला रफू करत आले. एक 'चुकलो' म्हटलं असतं तर मिटलं असतं. पण सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही. दोघांचाही.

गेल्या महिन्यात मात्र सरांनी कहर केला. बाबांना जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर शब्दकोडी मांडायची सवय आहे. एक कागद त्यांनी सहज उलटून पाहिला. प्रश्न चौथा: 'एका निवृत्त बसचालकाचे म्हणणे आहे की, चालत्या वाहनातून सोडलेली वस्तू मागे पडते. त्याची चूक स्पष्ट करा. गुण पाच.'

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते गुपचूप माळ्याखाली जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "माझी ट्रंक काढून दे. तुझ्या भावाकडे जातो. शनिवारी संध्याकाळची गाडी आहे. तिथे मला पाच मार्कांना कोणी विकणार नाही."

भावाचं घर रेल्वेने दोन दिवसांवर. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस एवढा लांब गेला म्हणजे परत यायचं नाव नको. मी रडले, मी भांडले. मला माझा बाप माझ्या घरात हवा होता, दुसरं काही नको होतं. मी सरांना म्हटलं, "जा, माफी मागा." तर हे म्हणतात कसे, "कशाची? विज्ञानाची?" त्या दिवशी मी त्यांच्या सदऱ्याची सगळी बटणं उलट्या बाजूने लावून ठेवली. दुसरं काय करणार होते?

नेमकी त्याच दिवशी गावाबाहेरच्या फ्लाइंग क्लबातली एक शिक्षिका पडद्यांची मापं द्यायला आली. छोटं दोन सीटचं विमान चालवायला शिकवते, म्हणून आम्ही तिला पायलटीण म्हणतो. घरात ट्रंक भरली जात होती, माझे डोळे सुजलेले. तिने विचारलं आणि मी बांध फुटल्यासारखी सगळं सांगून बसले. ऐकता ऐकता पोरीचा चेहरा लालेलाल झाला.

"काकू," ती म्हणाली, "पेटी मागे पाडणारी ती मुलगी मीच. त्या गणितापायी मी दोनदा नापास झाले. शेवटी म्हटलं, स्वतः वर जाऊनच बघते."

"मग काय दिसलं?"

"माझं आता सोडा. शनिवारी सकाळी आमच्याकडे पिठाच्या पिशव्या टाकायच्या स्पर्धेचा सराव आहे. मैदानात चुन्याचं वर्तुळ असतं, त्यात पिशवी पाडायची. होऊन जाऊ दे यांचा निकाल. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

दोघंही एका पायावर तयार. अर्थात माझ्यामार्फत. अटी ठरल्या. सरांनी सांगितलेल्या जागी सोडलेली पिशवी वर्तुळात पडली, तर बाबा मुकाट्याने संध्याकाळच्या गाडीत बसणार. बाबांनी सांगितलेल्या जागी सोडलेली वर्तुळात पडली, तर सर सगळ्यांसमोर 'अडाणी' हा शब्द परत घेणार आणि बाबा राहणार.

"आणि दोघांचीही नाही पडली तर?" मी विचारलं.

"असं होणारच नाही," दोघं एकदम म्हणाले. माझ्याकडे बघून.

आता विमानात बसून पिशव्या टाकायच्या कोणी? सरांना स्टूल झेपत नाही. बाबांच्या हातात स्टिअरिंग नाही. राहिलं कोण? अकरा वर्षं निरोप वाहून वाहून मी दोघांच्याही विश्वासातली झाले होते. उरलेल्या पडद्यांच्या कापडाच्या मी दोन पिशव्या शिवल्या, निळी सरांची आणि फुलाफुलांची बाबांची. दोन्हींत अर्धा अर्धा किलो पीठ.

आणि खरं सांगते, शिवतानाच मी ठरवलं होतं की लबाडी करायची. बावीस वर्षं काय फुकट गेली माझी पडद्यामागे? सरांचं गणित बरोबर असणार हे मला ठाऊक होतं. तेव्हा सरांची पिशवी जरा उशिरा सोडायची आणि हात थरथरला म्हणायचं. आणि बाबांची पिशवी सोडायची थेट सरांच्या जागी. सरांच्या गणिताने बाबांची पिशवी वर्तुळात, बाबा माझ्या घरात. विज्ञानाचं काय ते विज्ञान बघून घेईल.

शनिवारी सकाळी आम्ही मैदानावर पोचलो. सरांनी स्वतः टेप धरून वर्तुळाच्या अलीकडे दीडशे मीटर मोजले आणि तिथे एक पांढरा झेंडा रोवला. "याच्या डोक्यावर आलीस की सोड." बाबा म्हणाले, "वर्तुळ ओलांडून जा. एक श्वास घे. मग सोड. मागे येऊन बरोबर आत बसेल." मग त्यांनी स्वतःसाठी घडीची खुर्ची कुठे मांडावी? वर्तुळाच्या पलीकडे, थेट विमानाच्या वाटेवर, आठ बसगाड्या एकामागे एक उभ्या राहतील त्याच्याही दुप्पट लांब. झेंडेवाला, म्हणजे धोका असला की लाल झेंडा दाखवायला ठेवलेला मैदानावरचा माणूस, त्यांना हटकायला गेला, तर बाबा म्हणाले, "माझी पिशवी मागे जाते. पुढची बाजू सगळ्यात सुरक्षित." एवढ्या आत्मविश्वासाने म्हणाले की तो बिचारा मागे फिरला. बाबा ट्रंकेवर पाय ठेवून आरामात बसले. निकाल लागला की तिथूनच स्टेशनावर जायची तयारी. सरांचं लक्ष टेपकडे. अकरा वर्षं बाबांकडे न बघायची सवय, त्यामुळे ते कुठे बसलेत हेही त्यांनी पाहिलं नाही.

विमान म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळाएवढं. माझ्या बाजूचं दारच काढून ठेवलेलं. पट्टे आवळले, इंजिन सुरू झालं आणि माझ्या तोंडातून जे काय शब्द निघाले ते पायलटिणीने कोणाला सांगितले नाहीत, हे तिचे उपकार. पण वर गेल्यावर गंमत वाटायला लागली. मैदान माझ्या कापायच्या टेबलासारखं दिसत होतं आणि वर्तुळ त्यावर पडलेल्या बटणासारखं.

पहिली फेरी सरांची. उशीर करायचा, उशीर करायचा, असं मी मनात घोकत होते. पांढरा झेंडा खाली आला, पायलटीण खणखणीत आवाजात म्हणाली, "आता!" आणि माझी मूठ उघडलीच. आयुष्यभर कोणी सांगितलं की लगेच हात चालवायची सवय, दुसरं काय! सगळी लबाडी राहिली बाजूला.

पिशवी खाली जाताना मी पाहिली. ती मागे सुटली नाही. आमच्याबरोबरच येत होती, आमच्या खालून, जरा जरा रेंगाळत, बाजारात आईच्या मागे चालणाऱ्या पोरासारखी. आणि मग जमिनीवर पांढरा ठिपका उमटला. वर्तुळाच्या अलीकडे! चांगली सत्तावीस पावलं अलीकडे. कापड किती कमी पडलं हे मला नजरेने कळतं, त्यात माझी चूक होत नाही.

सव्वीस वर्षांचं उत्तर सत्तावीस पावलांनी तोकडं पडलं.

"कमी का पडली गं?" मी ओरडून विचारलं.

"हवा, काकू!" पायलटीण ओरडली. "हवा अडवते ना तिला! सर तेवढं धरतच नाहीत!"

मला हसूच फुटलं. पण लगेच डोकं चालायला लागलं. सरांची हुकली. आता बाबांची पिशवी झेंड्यावर नाही, झेंड्याच्या सत्तावीस पावलं पुढे सोडली की थेट वर्तुळात. बाबा राहणार! विमान लांबवर जाऊन वळलं. फुलाफुलांची पिशवी मी दाराबाहेर धरली. झेंडा जवळ आला. झेंडा मागे गेला. मी सत्तावीस पावलं नजरेने मापत होते, मूठ उघडायच्या बेतात होते आणि तेवढ्यात मला खाली सर दिसले.

सर पळत होते. बस चुकली तरी न पळणारा माझा नवरा हातात लाल झेंडा घेऊन, वर्तुळ ओलांडून, वेड्यासारखा पलीकडे पळत सुटला होता. आणि तो जिकडे पळत होता तिकडे, लांब, एक खुर्ची होती.

मी पिशवी सोडायची विसरले. वर्तुळ खालून निघून गेलं. मी एक श्वास घेतला, तोही भीतीने. "लाल झेंडा! काकू, टाकू नका!" पायलटीण एवढ्या जोरात किंचाळली की मी दचकले, आणि पिशवी हातातून सुटली. अगदी बाबांनी सांगितलेल्या जागी.

खाली काय झालं ते झेंडेवाल्याने मला नंतर शब्दन्‌शब्द सांगितलं. पहिली पिशवी अलीकडे पडल्यावर सर वहीत बघत उभे राहिले. मग दुसऱ्या पिशवीचं गणित करावं म्हणून त्यांनी बाबांची जागा धरली, त्यात दीडशे मिळवले आणि उत्तर कुठे येतं ते बघायला मान वर केली. उत्तराच्या जागी बाबा बसलेले. सरांनी झेंडेवाल्याच्या हातातला लाल झेंडा हिसकावला आणि धावत सुटले.

"बाबा, उठा! पिशवी तुमच्यावर येतेय!"

बाबांनी आधी मागे वळून पाहिलं. अकरा वर्षांत सरांनी त्यांना हाक मारलेली नव्हती, तेव्हा ही हाक दुसऱ्या कोणाला असणार.

"कोणाला म्हणताय?"

"तुम्हालाच! उठा!"

"मग मुलीकडून निरोप पाठवा!"

"ती वर आहे!"

"माझी पिशवी इकडे येत नाही! ती मागे जाते!"

"बरोबर!" सर ऊर फुटेस्तोवर पळत ओरडले. "तुमचं बरोबर, बाबा! तुमचं सगळं बरोबर! पण उठा हो!"

सर खुर्चीपासून सत्तावीस पावलांवर पोचले असतील नसतील, आणि पिशवी आली. ज्या खुर्चीवर ती पडणार म्हणून सर पळत होते तिथे ती पडलीच नाही. जी हवा त्यांनी जन्मभर नगण्य मानली, तिने ती अलीकडेच अडवून नेमकी त्यांच्या पुढ्यात, हातभर अंतरावर आपटली.

वरून मला फक्त एक पांढरा ढग दिसला. त्या ढगाच्या जागी एक क्षणापूर्वी माझा नवरा होता. स्टुलाचा पाय धरून डोळे मिटणारा तो माणूस, मशीनला तेल घालणारा, त्याला मी माझ्या हाताने, माझ्याच शिवलेल्या पिशवीने मारलं, असं मला वाटलं. मी पायलटिणीचा दंड धरून "उतरव! उतरव मला!" म्हणून ओरडत होते, आणि ती म्हणत होती, "काकू, दंड सोडा, मग उतरवते."

उतरल्यावर मी चप्पल हातात घेऊन धावले. पोचले तर काय? ढग विरला होता. सर जमिनीवर बसलेले, डोक्यापासून पायापर्यंत पांढरेफेक, नुसते डोळे तेवढे लुकलुकताहेत. आणि गुडघेदुखीमुळे कधी जमिनीवर न बसणारे बाबा त्यांच्यापाशी येऊन उकिडवे बसले होते, आपल्या उपरण्याने त्यांचं तोंड पुसत.

"जावईबापू, लागलं का कुठे? अहो, बोला की!"

सर खोकले. त्यांच्या तोंडातून पिठाचा भपकारा निघाला. मग म्हणाले, "बाबा, मी शून्य धरत होतो. हवा. सव्वीस वर्षं शून्य धरली मी. अडाणी मी."

बाबांनी आधी लांबच्या वर्तुळाकडे पाहिलं, मग पिठाच्या खुणेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नजर चुकवत म्हणाले, "पुढे आली की हो खरंच. एवढी पुढे." मग उपरणं झटकत, "संत्र्याची साल हलकी असते. तिला हवा लगेच अडवते. ही पिशवी जड."

सरांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना फक्त पहिल्या नंबराने आलेल्या मुलांकडे बघताना पाहिलंय. "बाबा! हेच! हेच तर मला पोरांना कधी सांगता आलं नाही!"

"मग विचारायचं होतं. चौतीस वर्षं हवा तोंडावर घेतलीय मी. किती अडवते ते मला विचारायचं."

"किती अडवते?"

"वेगावर आहे. वेग दुप्पट केला की हवा दुपटीने नाही, चौपटीने मागे ओढते. डिझेल पिते गाडी."

सर उठून उभे राहिले आणि वही शोधायला लागले. वही पिठात बुडाली होती. मी तिथेच उभी होते बरं का, चप्पल हातात धरून. "कोण जिंकलं?" मी विचारलं. कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही. "अहो, कोण जिंकलं? गाडीचं काय?" पायलटीण हसू दाबत माझ्या कानात म्हणाली, "काकू, दोघंही नापास. मी असते तर दोघांनाही परत परीक्षेला बसवलं असतं."

घरी येताना सरांनी स्वतः ती ट्रंक उचलली. बाबा एका बाजूने, सर दुसऱ्या बाजूने, आणि मधे ट्रंक. पाठीमागून खुर्ची आणि टेप घेऊन मी. रस्ताभर लोक थांबून त्या पांढऱ्या माणसाकडे बघत होते, आणि तो पांढरा माणूस विचारत होता, "आणि उतारावर? उतारावर काय होतं?"

संध्याकाळी जेवायला बसलो. पिठातली वही झटकून सरांनी टेबलावर पसरली होती आणि बाबा त्यांना काचेवर आपटणाऱ्या पाखरांबद्दल सांगत होते. भाजीत मीठ कमी होतं. बाबांनी मान वर केली, सरांकडे बघून सरळ म्हणाले, "जावईबापू, मीठ." सरांनी वहीतून डोकं न काढता मीठ सरकवलं.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वासात वाजले. बाबांची गाडी सुटायची वेळ. घड्याळाकडे बघितलं ते फक्त मी. माझे डोळे भरून आले. पण अकरा वर्षांची सवय अशी सुटते होय? मी म्हटलं, "अहो, बाबा विचारताहेत, पाखरं पुढच्या काचेवर..."

"तू मधे बोलू नकोस गं," दोघंही एकदम म्हणाले.

असा संताप आला मला! अकरा वर्षं ज्यांच्यासाठी जिभेची चाळण झाली, ते आता मला गप्प बसवताहेत! मी ताडकन उठले, मिठाची बरणी दोघांच्या मधोमध आपटली, आत गेले, आणि मशीनवर डोकं टेकून पोटभर रडले. पडद्यापलीकडे दोघांचं भांडण रंगात आलं होतं. तेवढ्यात एक खडू घरंगळत माझ्या पायाशी आला. या वेळी तो बाबांनी सोडला होता.